आक्कांचा खोकला

१ जानेवारी १९१२, सोमवार

मिस हॉबडेनी आज आम्हां चौघींना एकेक कोरी वही दिली. त्या मुलींच्या शाळेत शिकवतात आणि गेलं वर्षभर आमच्या बायकांच्या मंडळात येऊन आम्हांला ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकवतात. म्हणाल्या, "यात आपण आपल्या खेळातील चुका रोज लिहाव्या." त्यांचं मराठी नेहमी असं इस्त्री केलेलं असतं. मी वही घेतली, पण चुका कसल्या लिहिते! चुका करतात चिमणाबाई, आणि त्यांना त्यांची वही आहे की. मी आपलं मनात येईल ते लिहिणार आणि वही तांदळाच्या कणगीमागं ठेवणार.

आज लिहायला कारणही तसंच आहे. सामना ठरला! बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्रज मडमा आणि पणजीच्या पोर्तुगीज बाया फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेल्वेनं इथं येणार. त्यांच्यासमोर करवीरच्या आम्ही चौघी. मी, वकिलांच्या चिमणाबाई, उर्दू शाळेच्या मास्तरांची हाफिजा आणि कागलच्या धोंडुबाई. धोंडुबाईंच्या सासूबाईंनी चांदीचा पेला बक्षीस लावलाय.

घरी येऊन यांना सांगितलं. हे पागेचे दरोगा, यांना घोड्यापलीकडं काही दिसत नाही. तरी हसून म्हणाले, "म्हंजे इंग्लंड, पोर्तुगाल आन् कोल्हापूर!"

थट्टा होती, पण मला ती पटली. आपला झेंडा वेगळा, आपली रेल्वे वेगळी, मग देश नाही तर काय?

६ जानेवारी, शनिवार

आज सराव आमच्या घरी. खेळ तसा आपल्या हुकमाच्या डावासारखाच आहे. समोरासमोरच्या दोघी जोडीदार, प्रत्येकीला तेरा पानं. हुकूम कुठला ते बोली लावून ठरवायचं. जिची बोली टिकते तिनं डाव खेळायचा, आणि तिच्या जोडीदारणीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडून तोंड मिटून बसायचं. त्या बसणारीला आम्ही मुकी म्हणतो. चिमणाबाई मुकी झाल्या की सगळ्यात जास्त बोलतात.

दुसरी खोड आम्हां सगळ्यांचीच. पान टाकताना नाव मोठ्यानं घ्यायचं. "ही घे बदामाची दश्शी!" मिस हॉबडे कानावर हात ठेवतात.

आमच्या आक्का, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाविसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालं तेव्हापासून आमच्याकडंच आहेत. सासर सावंतवाडीकडं. सासरे गंजिफाचे वेडे, एकशेवीस गोल पानांचा तो खेळ. मुलगे कंटाळून पळायचे म्हणून सुनेला जोडीला घेऊन बसायचे म्हणे. तो डबा आक्कांनी अजून फडक्यात बांधून ठेवलाय.

आक्कांना खोकला फार झालाय. मी एक्का टाकायला उचलला की नेमका खोकला. दचकून मी एक्का ठेवते आणि दुसरंच पान टाकते, आणि नशीब बघा, दर वेळी तेच पान बरोबर निघतं! मिस हॉबडे म्हणाल्या, "बनाबाई, आपली प्रगती विलक्षण आहे." चिमणाबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सगळ्या गेल्यावर आक्का तांदळात बोटं फिरवत म्हणाल्या, "किलवरची राणी हाफिजाकडं हुती. तू उगंच घाबरलीस."

मी म्हटलं, "ते मला ठावं हुतं." ठाऊक नव्हतं, पण तेवढ्यात कळलंच असतं.

ओवा-मधाचा काढा करून दिला त्यांना. तोंड वेडंवाकडं करत प्याल्या.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. साठ बायका आल्या होत्या. वाण म्हणून मी छोट्या फण्या दिल्या. तिळगूळ संपला, धोंडुबाईंना वडी मिळाली नाही, त्यांनी ते तीनदा बोलून दाखवलं. आक्का दिवसभर स्वयंपाकघरात होत्या. तिळगूळ सगळा त्यांनीच वळला होता.

बायका गेल्यावर मी पाय पसरून बसले होते. आक्का येऊन जवळ बसल्या. म्हणाल्या, "बना, मला एकदा पत्त्याला बसू दे गं. एकच डाव. लई मन हुतंय. मग तांदूळ हायतच की."

मी उरलेल्या फण्या आवरायला घेतल्या. मग म्हटलं, "आक्का, मंडळाचं हळदीकुंकू त्याच खोलीत हुतंय. बायका काय म्हणतील? आन् सामन्याच्या तोंडावर कशाला उगंच?"

"बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

मला त्यांचाच राग आला. भांडल्या असत्या तर चार शब्द बोलून मी मोकळी झाले असते. बरं म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

जेवताना भातात खडा लागला. इतक्या वर्षांत आक्कांच्या निवडलेल्या तांदळात पहिल्यांदाच.

२२ जानेवारी, सोमवार

आठवडा वाईट गेला. तीन दिवस सराव आणि तिन्ही दिवस मी हरले. चिमणाबाईंचं लक्ष नसतं, दुसरं काय. आक्कांचा खोकला मात्र पार गेलाय. तांदूळ निवडतात आणि मान वर करत नाहीत. काढ्याचा गुण.

पण आज एक नवीच गंमत सापडली आणि मी खूश आहे. चिमणाबाई माझ्या जोडीदार. त्यांच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. चांगली पानं आली की त्यांचा हात थरथरतो, बिचाऱ्यांना आनंद लपवता येत नाही, आणि बांगड्या किणकिण वाजतात. भारी पानं असली की लांबपर्यंत वाजतात, हलकी असली की गप. मग मला बरोबर कळतं, बोली कितीपर्यंत न्यायची ते! जोडी जुळली म्हणतात ती हीच. आज सलग चार डाव जिंकलो. आक्कांनी तेवढ्यात एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय काय झालं! सगळं लिहिते. माझी शोभा झाली तीसुद्धा लिहिते.

पाहुण्या काल आल्या. पणजीच्या चौघी हसऱ्या, काळ्या जाळीचे पंखे घेऊन. बेळगावच्या चौघी ताठ, त्यांची म्होरकी मिसेस हॅलम, कर्नलची बायको. मंडळाच्या दिवाणखान्याला चारी बाजूंनी पडदे लावलेत, पुरुषांना मज्जाव. बेळगावनं पणजीला कालच हरवलं होतं. आज सकाळी आम्ही पणजीला हरवलं. चिमणाबाईंच्या बांगड्या नुसत्या वाजत होत्या आणि मी बोली वर वर नेत होते. मिसेस हॅलम कडेला बसून बघत होत्या.

डाव संपल्यावर त्या मिस हॉबडेच्या कानाशी लागल्या. मिस हॉबडे माझ्याकडं आल्या, तोंड लाल. म्हणाल्या, "बनाबाई, आपल्या मैत्रिणीची कंकणे आपणास पत्ते सांगतात, असे त्या म्हणतात. यास आमच्याकडे लबाडी म्हणतात."

मी उसळलेच. "लबाडी? कोल्हापूरच्या बाईला लबाड म्हणती? बांगड्या काय आम्ही आज भरल्यात व्हय? सवाष्णीच्या हातात बांगड्या वाजणारच!" आवाज पडद्यापलीकडं गेला असणार, कारण बाहेर टांगेवाले गप्प झाले.

दुपारी घरी आले ती फणफणत. वही काढली, मडमेला शिव्या लिहायच्या म्हणून. पानं उलटताना बावीस तारीख समोर आली. "मला बरोबर कळतं, बोली कितीपर्यंत न्यायची ते." माझ्याच अक्षरात! खरंच सांगते, लाजेनं मला भिंतीकडं तोंड करून बसावंसं वाटलं. मनात लबाडी नव्हती. पण मनात नव्हती म्हणून टेबलावर नव्हती असं कुठं आहे?

तशीच टांगा करून परत गेले. मिस हॉबडेंना म्हटलं, पणजीच्या बायांना सगळं सांगा, सकाळचा डाव आम्ही जिंकलो नाही असं धरा. त्या पणजीच्या खो खो हसल्या. त्यांना वाटलं होतं, आमच्याकडं खेळताना असं संगीत असतंच. पण मिसेस हॅलमनी उठून माझा हात हातात घेतला. ठरलं, की उद्या बेळगाव आणि आम्ही खेळायचं, जिंकेल त्याचा पेला. आम्ही बांगड्यांना मऊ कापड गुंडाळून बसायचं. काढायचं तर नावही कुणी घेतलं नाही, मिस हॉबडेंनी ते आधीच त्यांना समजावलं होतं.

संध्याकाळी चिमणाबाईंच्या घरी कापड गुंडाळून बघायला आम्ही चौघी जमलो. हाफिजाचं झालं, धोंडुबाईंचं झालं. चिमणाबाईंचं गुंडाळताना माझाच हात जरा जोरात पडला आणि कडकन एक बांगडी वाढली. मग वेढा सोडताना आणखी दोन वाढल्या.

चिमणाबाई रडायला लागल्या. त्यांच्या सासूबाई आतून आल्या, तुकडे बघितले आणि म्हणाल्या, "सामन्याच्या आदल्या दिवशी अपशकुन! उद्या हिचं पाऊल उंबऱ्याभाईर पडणार न्हाय. वकील आला तरी ऐकणार न्हाय आन् जज्ज आला तरी."

चौथी बाई कुठून आणू? उद्या दहाला सामना. कोल्हापुरात ब्रिज येणाऱ्या आम्ही चौघीच. देश म्हणे!

३ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

घाईत लिहिते. पहाटे डोळा उघडला तोच मनात एक नाव घेऊन. खरं तर कालच चिमणाबाईंच्या सोप्यात ते मनात आलं होतं आणि मी ढकलून दिलं होतं.

स्वयंपाकघरात गेले. आक्का भाकरी थापत होत्या. म्हटलं, "आक्का, आज बसता का?"

थापणं थांबलं नाही. "आज व्हय? माझ्या रिकाम्या हातात बांगड्या वाजायच्या न्हाईत म्हणून?"

खोटं बोलायची सोय त्यांनी ठेवलीच नाही. म्हटलं, "व्हय. त्यासाठीच आले. पण आक्का, तुम्ही इचारलंसा तवाच बसवायला पायजे हुतं मी. माझं चुकलं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "बसते. पण आजच्यापुरती न्हाय. दर सोमवारी बसणार. चिमणीच्या बांगड्या वाजूदेत न्हायतर न वाजूदेत. कबूल असंल तर सांग."

"कबूल."

"मग एवढी भाकरी उतरवते आन् निघू."

यांना सांगितलं तर हे दाढी करता करता हसायला लागले. "आक्का बसती? मग बेळगावचं काय खरं न्हाय. ल्हानपणी हिनं मला पत्त्यात इतकं रडवलंय, अजून मी पत्त्याला हात लावत न्हाय."

"मग हे आजवर बोलला का न्हाई?"

"तू इचारलंस कवा?"

४ फेब्रुवारी, रविवार

पेला समोर कोनाड्यात आहे. आता सावकाश लिहिते.

काल आक्का पांढऱ्या लुगड्यात दिवाणखान्यात शिरल्या तेव्हा धोंडुबाईंनी मला बाजूला ओढलं. "बनाबाई, शुभ कामाला... आमच्या सासूबाईंचा पेला हाय."

मी तोंड उघडायच्या आत हाफिजा म्हणाली, "इस्पिकच्या राणीच्या कपाळाला तरी कुठं कुंकू हाय, धोंडुबाई? ती हातात आली तर टाकून देताय व्हय?" हाफिजा दिवसातून चार वाक्यं बोलते, त्यातलं हे एक. धोंडुबाई मुकाट्यानं खुर्चीत बसल्या.

दोन टेबलं मांडली होती. एकीकडं हाफिजा आणि धोंडुबाई, दुसरीकडं मी आणि आक्का. आमच्या टेबलावर आक्कांच्या डाव्या हाताला मिसेस हॅलम. पहिल्या डावाला आक्का उजवीकडून पानं वाटायला लागल्या, गंजिफाची सवय. मिस हॉबडे "डावीकडून, डावीकडून!" म्हणाल्या. तेवढी एकच चूक. त्यानंतर बाईचा चेहरा हलेना की हात हलेना. चांगलं पान आलं काय, वाईट आलं काय, माझ्यासमोर नुसती भिंत! मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या डोक्यानं खेळले, आणि चक्क ठीक खेळले.

दुपारपर्यंत हाफिजाच्या टेबलावर थोडी पिछाडी, आमच्याकडं थोडी आघाडी. दोन्ही टेबलांची बेरीज करून शेवटच्या डावावर सगळं आलं. आक्कांनी बोली जिंकली, मी मुकी. पानं मांडली आणि हात मांडीखाली घालून बसले.

शेवटची तीन पानं उरली, आणि तिन्ही हात आम्हांलाच व्हायला हवे होते. माझ्या मांडलेल्या पानांत किलवरचा एक्का, गुलाम आणि दुर्री. आक्कांकडं राजा होता हे पुढं दिसलंच. किलवरची राणी कुणाकडं, तेच कळत नव्हतं. आक्कांनी हातातली किलवरची तिर्री टाकली. मिसेस हॅलमनी नव्वी टाकली. आता माझ्या पानांतलं कुठलं टाकायचं ते आक्का सांगणार.

एक्का टाका, एक्का! माझ्या पोटात नुसतं ओरडत होतं. एक्का टाकला की हात पक्का. आणि मला खोकला आला. खरोखरचा, घशातून वर आलेला खोकला. मी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळला, कारण वाजला असता तर बांगडीत आणि त्यात काय फरक?

आणि तो गिळता गिळता माझ्या टाळक्यात उजेड पडला. म्हणजे तो खोकला! माझी विलक्षण प्रगती! आणि मी त्यांना ओवा-मधाचा काढा पाजला! मी आक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या, आणि मला वाटतं, अगदी किंचित हसल्या.

"गुलाम," आक्का म्हणाल्या.

मी गुलाम पुढं सरकवला. आक्कांच्या उजवीकडच्या मडमेनं बारकं पान टाकलं. गुलामाचा हात झाला! मग एक्का. मग राजा, आणि त्याच्याखाली मिसेस हॅलमची राणी निमूट येऊन पडली.

मी किंचाळले. हाफिजानं पलीकडच्या टेबलावरून विचारलंसुद्धा नाही, तिला कळलं. पडद्याबाहेरून यांचा आवाज आला, "काय झालं? कोण फुडं?" पागेतली शर्यत असल्यासारखा.

मिसेस हॅलमनी विचारलं, राणी माझ्याकडं आहे हे कसं ओळखलं? आक्का म्हणाल्या, "तुम्ही इस्पिक दोन टाकली, चौकट चार, बदाम चार. तेरातली राहिली तीन, ती सगळी किलवर. ह्या दुसऱ्या बाईंनी तीन किलवर आधीच फेकली हुती, राणी असती तर इतक्या सुखानं फेकली नसती. एकशेवीस पानं ध्यानात ठिवायची सवय हाय, ही तर बावन्नच."

मिस हॉबडेनी ते इंग्रजीत सांगितलं. मडमेनं आक्कांचं मनगट हातात धरून काहीतरी म्हटलं. मिस हॉबडे म्हणाल्या, "त्या म्हणतात, हा हात काहीच सांगत नाही."

"सांगतोय की," आक्का म्हणाल्या. "इचारल्यावर सांगतोय."

येताना टांग्यात पेला आक्कांच्या मांडीवर होता. मी म्हटलं, "आक्का, तो काढा..." पुढं बोलवेना, हसू आणि रडू एकदम आलं. त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, "लई कडू हुता गं, बना."

५ फेब्रुवारी, सोमवार

आज पाहुण्या गेल्यानंतरचा पहिला सोमवार. चिमणाबाई नव्या बांगड्या भरून आल्या, वकिलांनीच घेऊन दिल्या म्हणे. हाफिजा आली, धोंडुबाई आल्या. खुर्च्या चार, त्या तिघी आणि मी बसलो. आक्का आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

चिमणाबाई माझ्याकडं बघायला लागल्या, धोंडुबाई छताकडं. सामन्यापुरतं झालं, आता पुन्हा कशाला, असं धोंडुबाईंच्या मनात असणार. खरं सांगते, एक क्षण माझ्याही मनात आलं, की आज राहू दे, पुढच्या सोमवारी बघू. पेला जिंकलेली मी, माझी खुर्ची मी का सोडू?

आक्का "बरं" म्हणायला तोंड उघडताहेत असं मला दिसलं, आणि तेच मला नको होतं. मी उठले. म्हटलं, "आक्का, बसा. माझी कंबर धरलीया." कंबर काही धरली नव्हती. त्या बसल्या, खुर्ची पुढं ओढली आणि चिमणाबाईंना म्हणाल्या, "हात टेबलाखाली घे आधी."

मी तांदळाचं सूप घेऊन उंबऱ्यापाशी बसले. मनात म्हटलं, बघू तरी नुसतं ऐकून कसं कळतं ते. सगळ्या नावं घेऊन पानं टाकत होत्या. पहिला हात ध्यानात राहिला. दुसरा राहिला. तिसऱ्याला चौकटीची सत्ती कुणाची ते हुकलं, आणि मग सगळंच गडबडलं. खडे वेचू की पानं मोजू? आणि आक्का हे वर्षभर करत होत्या, वर तांदूळही स्वच्छ.

तेवढ्यात चिमणाबाईंनी "घ्या बदामाचा एक्का" म्हणून एक्का टाकला. तो चुकला असं मला उगीचच वाटलं. निदान मी इथं आहे हे कुणाला तरी कळावं, म्हणून मी चांगली मोठ्यानं खोकले.

आक्कांनी पानांवरनं डोळे काढले नाहीत. म्हणाल्या, "बना, फळीवर ओवा हाय, मध हाय. काढा करून घे जा. मला लई गुण आला हुता."

हाफिजा हसली, मग सगळ्याच हसल्या. मी उठून खरोखरच काढा केला आणि पाच वाट्यांत ओतला, प्रत्येकीला एक. सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी करत प्यायला. मग आक्का म्हणाल्या, पुढच्या डावाला चिमणी सूप घेऊन बसंल, तू ये. मी म्हटलं, आज नको, आज मला ऐकायला शिकू दे.